सोलापूरची सेटलमेंट आणि ओळखीच्या नोंदवहीचा कारभार

माणसाची ओळख नोंदवून ठेवणारी कोणतीही व्यवस्था चार कामे करते. ती प्रथम नाव दाखल करते; मग समोर आलेला मनुष्य तोच आहे की नाही याची पडताळणी करते; कोणाला कोठे जाता येईल हे ठरविते; आणि प्रयोजन संपताच नोंद रद्द करते. बँका, कारखाने व विद्यापीठे यांमध्ये आज हीच कामे संगणकावर चालतात. या क्षेत्रातील जाणकारांचा अनुभव असा की, नाव दाखल करणे सोपे असते. कठीण असते ते नोंद अद्ययावत राखणे, तिच्या वापरावर देखरेख करणे आणि वेळीच ती काढून टाकणे. संगणकापूर्वी हा कारभार कागदावर कसा चालला आणि कोठे फसला, हे पाहण्यास सोलापूरच्या सेटलमेंटसारखे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911 च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यासह सर्वत्र वाढली आणि 1924 मध्ये तरतुदींचे एकत्रीकरण झाले. एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर झाली की तिच्या लोकांची नोंदवही तयार करता येई, त्यांना ठरावीक मुदतीने हजेरी द्यावयास लावता येई आणि वसाहतीत डांबताही येई. मुंबई इलाख्यात वसाहतींच्या कारभाराची घडी ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याने बसविली. सोलापुरात 1877 पासून कापडगिरणी चालू होती. पुढे गिरण्यांची संख्या वाढली व मजुरांची गरजही वाढली. त्यामुळे वसाहतीतील लोकांना गिरणीत कामास लावणे प्रशासनाला सोयीचे झाले. येथील उमेदपूर वसाहतीचे काम अमेरिकन मराठी मिशनकडे होते. ‘सेटलमेंट’ हा इंग्रजी शब्द सोलापूरच्या बोलीत असा रुजला की तो आज एका वस्तीचे नावच होऊन बसला आहे.

नोंदवहीच्या मागे एक नवे तंत्र उभे होते. बोटांच्या ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बंगालमध्ये एडवर्ड हेन्री, अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांच्या कामातून सिद्ध झाली आणि 1897 मध्ये कलकत्त्यास ठशांचे कार्यालय निघाले. नाव बदलता येते, गाव बदलता येते, ठसा बदलत नाही, असा त्यामागील विचार होता. 1911 च्या कायद्याने नोंदलेल्या व्यक्तीचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार सरकारला दिला.

नोंदवही राखण्याची रीत कायद्याने काळजीपूर्वक आखली होती, हे मान्य केले पाहिजे. वही जिल्हा पोलीस अधीक्षकाच्या ताब्यात असे. परंतु नाव वाढविण्याचा वा कमी करण्याचा अधिकार त्याला नव्हता. फेरफार सुचवावा त्याने आणि लेखी हुकूम द्यावा जिल्हा दंडाधिकाऱ्याने, अशी विभागणी होती. नोंदीविरुद्ध तक्रार करण्याचीही सोय होती. आजच्या संगणकीय व्यवस्थेतही नोंदी सांभाळणारा व अधिकार देणारा हे वेगळे असावेत असा दंडक आहे. मग उणीव कोठे होती? ती पायातच होती. माणूस वहीत येई तो त्याच्या कृत्यामुळे नव्हे, जन्मामुळे. आणि जमात गुन्हेगार ठरविणाऱ्या सरकारी जाहीरनाम्याची वैधता न्यायालयात तपासता येत नसे. एखाद्या नोंदीतील चूक दुरुस्त होऊ शकत होती. ज्या निकषाने नोंद झाली तो निकष मात्र कोणाला विचारता येत नव्हता.

देखरेखीचे साधन होते हजेरी आणि परवाना. ठरलेल्या वेळी हजेरी द्यावयाची, हद्दीबाहेर जाण्यास परवाना घ्यावयाचा, अशी शिस्त असे. चांगली वर्तणूक दिसल्यास कुंपणाबाहेरच्या वस्तीत राहण्याची मोकळीक मिळे. सोलापुरातील ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव त्याच काळाची खूण होय. ज्या वस्तीला मोकळी म्हणून मुद्दाम सांगावे लागते, तिच्या मोकळेपणाची मर्यादा त्या नावातच उघड होते.

नोंदवहीचा सर्वांत टिकाऊ परिणाम भाषेवर झाला. टकारी हे नाव टाकीवरून आले. जात्याला टाकी लावणे, म्हणजे झिजलेल्या दगडाला पुन्हा टवके पाडणे, हा त्या लोकांचा धंदा. त्याच वर्गाला ‘उचल्या’ व ‘भामटा’ ही नावेही चिकटली. पहिले नाव कसबाचे, पुढची दोन आरोपाची. महाराष्ट्रातील विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावे आहेत. त्यांत ‘भामटा’ हे जातिनाम म्हणून अद्याप आहे आणि टकारी व उचले त्याच्याच पोटात नोंदलेले आहेत. बोलीत जो शब्द लबाडाला लावतात, तो येथे दाखल्यावर येतो. लक्ष्मण गायकवाड यांनी 1987 मध्ये आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिले, तेव्हा वहीतील आरोप वाचकांपुढे साक्ष म्हणून उभा राहिला.

मुंबई प्रांताने हा कायदा 1949 मध्ये रद्द केला. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो देशभर संपुष्टात आला. ‘विमुक्त’ ही संज्ञा त्या घटनेची आठवण आहे. सराईत गुन्हेगारांसाठी 1959 मध्ये मुंबई राज्याने केलेल्या कायद्यात नोंद जन्मावर नव्हे, व्यक्तीच्या शिक्षांवर आधारलेली होती. तत्त्वतः हा मोठा पालट होता. परंतु नाव वगळल्याने माणसाच्या हाती काही आले नाही. विमुक्त जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात 21 नोव्हेंबर 1961 ही तारीख मानली जाते. तिच्यापूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आजोबांची हजेरी रोज लिहिली गेली, त्यांच्या नातवांना आपण कोण हे सिद्ध करण्यासाठी कागद शोधावा लागतो. शिवाय कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत, तर सोलापुरात विमुक्त जातीत मोडतात. स्थलांतर हाच ज्यांचा जीवनक्रम, त्यांची ओळख जिल्ह्याच्या सीमेवर बदलते. सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने 2008 मध्ये अहवाल दिला; भटक्या-विमुक्तांजवळ ओळखीची कागदपत्रे नसणे हा त्यातील एक मुख्य प्रश्न होता.

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. ठसा पुन्हा आला. पण या वेळी तो हक्काच्या लाभासाठी, असे सांगितले गेले. 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार योजना वैध ठरविली; मात्र पडताळणीच्या नोंदी सहा महिन्यांहून अधिक काळ ठेवू नयेत असे बजावले. कोण कोठे कधी हजर होता, ही नोंद साठत गेली की तिची हजेरीवही होते, हा धोका त्यामागे आहे.

ठसा तोच, वहीची शिस्तही बहुतांशी तीच. भेद पडतो तो इतर प्रश्नांवर. नोंद कोणत्या निकषाने झाली, तो निकष कोणापुढे आव्हानता येतो, नोंद केव्हा संपते, आणि ती ज्याची आहे त्याच्या हाती तिचा उतारा येतो काय? सोलापूरच्या वहीत ठसे नेमके होते आणि फेरफाराची रीतही चोख होती. या प्रश्नांची उत्तरे मात्र तिच्यात नव्हती, आणि त्याची किंमत तीन पिढ्यांनी मोजली.