भाषांतरशाळेतील सहकार्य आणि ‘शाक्य’ हे आडनाव

चीनमधील बौद्ध धम्माच्या इतिहासात लोकक्षेम, धर्मरक्ष, कुमारजीव या थोर भाषांतरकारांची नावे आदराने घेतली जातात. ग्रंथसूचीतही एका ग्रंथापुढे बहुधा एकच नाव आढळते. तथापि हे कार्य एकट्याचे नव्हते. भिन्न वंशांचे लोक एकत्र बसून ते करीत. त्यांनी काम कसे वाटून घेतले होते, हे ग्रंथांच्या शेवटी जोडलेल्या पुष्पिकांवरून समजते.

इ.स. 179 मध्ये लोयांग येथे अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमितेचे चिनी भाषांतर झाले. त्याच्या पुष्पिकेनुसार मूळ पाठ जू शुओफो या भारतीयाने मुखोद्गत सांगितला, युएची वंशाच्या लोकक्षेमाने त्याचे भाषांतर केले आणि मंग युआनशी या चिनी गृहस्थाने ते लिहून घेतले. साहाय्यकांची व दात्यांची नावेही तेथे नोंदलेली आहेत. इ.स. 286 मध्ये सद्धर्मपुंडरीकाचे भाषांतर धर्मरक्षाने केले. तो तुनहुआंगचा, वंशाने युएची. लेखनाचे काम न्ये चेंगयुआन प्रभृती चिनी उपासकांकडे होते, तर तपासणी एक भारतीय भिक्खू आणि कुचा देशाचा एक उपासक यांनी मिळून केली.

या व्यवस्थेचे मूळ परस्परांच्या गरजेत होते. ज्याला मूळ पाठ येई त्याला बहुधा चिनी लेखन येत नसे, आणि ज्याला चिनी लेखन येई त्याला मूळ भाषा कळत नसे. प्रत्येकाचे न्यून दुसरा भरून काढी. अशा कामात आपल्याच शब्दाचा हट्ट चालत नाही. मज्झिमनिकायातील अरणविभंगसुत्तात एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत ‘पाति’, ‘पत्त’, ‘सराव’ अशी निरनिराळी नावे असल्याचे सांगून, आपल्या प्रांताच्या शब्दाचा दुराग्रह धरू नये, असा उपदेश केला आहे. भाषांतरशाळेत तो रोजच्या व्यवहाराचा नियम ठरला असला पाहिजे.

असे असले तरी वंशाची खूण नावावर राहिलीच. चीनमध्ये परकीय भिक्खूंना देशावरून आडनाव मिळे: पार्थियाचा तो ‘आन’, युएची तो ‘जी’, भारतीय तो ‘जू’. पुढे शिष्य गुरूचे आडनाव घेऊ लागले. त्यामुळे युएची धर्मरक्षही आपल्या भारतीय गुरूमुळे ‘जू’ झाला. चौथ्या शतकात दाओआन (इ.स. 312–385) या चिनी आचार्याने ही पद्धती मोडली. सर्वांचा शास्ता एकच असल्यामुळे प्रत्येक प्रव्रजिताने ‘शाक्य’, म्हणजे चिनी उच्चारानुसार ‘शी’, हेच आडनाव लावावे, असे त्याने प्रतिपादन केले.

पुढे इ.स. 384–385 मध्ये चांगआन येथे एकोत्तर आगमाचे भाषांतर झाले. तोखार देशाच्या धर्मनंदीने पाठ म्हटला, जू फोन्यान या चिनी भिक्खूने भाषांतर केले व हुइसोंगने ते लिहिले. नगरावर शत्रूचे सैन्य चालून आले असतानाही हे काम थांबले नाही. या आगमात दाओआनच्या मताला आधार मिळाला: समुद्राला मिळालेल्या नद्यांची नावे उरत नाहीत, त्याप्रमाणे चारही वर्णांचे लोक प्रव्रज्येनंतर शाक्यपुत्र होतात. पाली परंपरेत हाच दृष्टान्त पहारादसुत्तात येतो. तेथे गंगा, यमुना इत्यादी पाच नद्या आहेत. चिनी पाठात चार असून त्यांत मध्य आशियातील वक्षूही आहे.

या इतिहासाला केवळ उजळ बाजूच आहे असे नव्हे. इ.स. 384 मध्ये कुचा जिंकणाऱ्या सेनापतीने कुमारजीवाला बंदिवान करून नेले, आणि चांगआनला पोहोचेपर्यंत इ.स. 401 उजाडले. राजसत्तेचे बळ भाषांतरशाळेच्या दाराशी होतेच. परंतु आत कोणी पाठ म्हणावा व कोणी लिहावे, हे जन्मावरून ठरत नव्हते.

बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतील भेद स्पष्ट केला. जाती श्रमिकांनाच विभागतात व त्यांत उच्चनीच लावतात, हे त्यांनी दाखवून दिले. लोयांग व चांगआन येथील शाळांत पहिली विभागणी होती, दुसरी नव्हती. म्हणूनच ज्याने केवळ लेखणी चालविली त्या मंग युआनशीचे नावही पुष्पिकेत टिकून राहिले. ग्रंथसूचीतील एका नावावर न थांबता अभ्यासकांनी पुष्पिकेपर्यंत गेले पाहिजे.