माळवद, चूल आणि ओलं सरपण

गेल्या पावसाळ्यात आमच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या भिंतीला बुरशी धरली. कपाटातल्या शर्टांनाही कुबट वास. ऑफिसातल्या एकाने डीह्युमिडिफायर घ्यायला सांगितलं. आजीला फोनवर ही रड सांगितली, तर म्हणते, "आरं, मग चूल पेटव की!" :-)

तेव्हा हसलो. पण वीकेंडला कागद-पेन घेऊन बसलो, तर म्हातारी निम्मी बरोबर निघाली.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, सास्तूरच्या बाजूला. आजी नांदली ते घर माळवदाचं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, त्यावर फळ्या आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. खिडक्या नावालाच. छताला एक भोक, त्याला साणं म्हणायचे. उजेड तिथूनच आत यायचा आणि धूर तिथूनच बाहेर जायचा.

आता गणित. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असतं. नीट वाळलेल्यात १५-२० टक्के. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २६०० किलोज्यूल लागतात आणि एक किलो कोरडं लाकूड जळून १८००० च्या आसपास मिळतात. म्हणजे ओलं लाकूड जाळलं तर पाण्यापायी सातवा हिस्सा वाया जातो, एवढंच? मग आजी ओल्या सरपणाला एवढ्या शिव्या का द्यायची? कारण खरं नुकसान वेगळंच आहे. जाळ पुरेसा तापत नाही, लाकडातून निघणारे वायू अर्धवट जळतात आणि त्यांचाच धूर होतो. डोळे आणि फुफ्फुसं त्याची किंमत मोजतात. आजीचा खोकला अजून गेलेला नाही.

म्हणून मृगाच्या आधी सरपण भरायची घाई. बाभळ सगळ्यात भारी: जड, हळू जळणारी, निखारा टिकणारी. भाकरी शेकायला तीच. तुराट्या भसकन पेटतात आणि तितक्याच पटकन विझतात, त्या चहापुरत्या. पावसात लाकडं भिजलीच तर चुलीच्या कडेने उभी करून ठेवायची. ती वाळायची, पण त्यातलं पाणी घरातच सुटायचं.

अजून एक गंमत. अगदी खडखडीत वाळलेलं लाकूड जळलं तरी त्यातल्या हायड्रोजनमुळे किलोमागे अर्धा लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतंच. म्हणजे नुसत्या चुलीने घर कोरडं होत नाही. घर कोरडं व्हायचं ते साण्यामुळे. तापलेली हवा वाफ आणि धूर घेऊन वर जायची, दाराखालून नवी हवा आत यायची. जाताजाता धूर तुळया काळ्या करायचा, त्यामुळे लाकूड वाळलेलं राहायचं आणि किडीपासून वाचायचं. अख्खं घरच एक धुराडं होतं म्हणा ना.

पण वरून येणाऱ्या पाण्यापुढे चुलीचं काही चालायचं नाही. माळवद गळायचं. गळलं की उपाय एकच, वर आणखी माती टाकायची. आजोबांनी टाकली, त्यांच्या वडिलांनी टाकली. जुनी काढून नवी घालायला वेळ कुणाला? फूटभर थर धरला तरी चौरस मीटरला अर्धा टन होतो. दहा बाय बाराच्या खोलीवर साडेपाच टन. दोन फूट असेल तर अकरा. तोही कोरडा असताना. आणि सप्टेंबर संपताना माती कोरडी कुठली?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. लातूर-उस्मानाबाद (तेव्हा हेच नाव होतं) मिळून अधिकृत आकडा आठ हजारांच्या आसपास मृत्यूंचा. आजी-आजोबा मिरवणुकीहून उशिरा आले आणि अंगणातच आडवे झाले, म्हणून वाचले. आजीची नणंद दोन लेकरांना घेऊन आत झोपली होती. भिंती बाहेर फुटल्या आणि वरची माती खाली आली. "दगडापेक्षा मातीनंच जास्त नेले," असं आजी एकदाच बोलली. परत तो विषय काढू दिला नाही.

सगळ्यात जास्त पडझड झालेली बावन्न गावं नव्या जागी वसवली. आम्हालाही सिमेंटचं घर मिळालं, स्लॅबचं. भूकंपाला टिकेल असं, आणि ते गरजेचंच होतं, त्यात वादच नाही. पण त्याला साणं नव्हतं. गॅस यायला आमच्याकडे अजून बरीच वर्षं होती. पहिल्याच पावसाळ्यात आजीने आत चूल मांडली. धूर स्लॅबला आपटून परत खाली. भिंतींना ओल आली, वर काजळीचा थर. आठवड्याभरात तिने चूल उचलून मागे पत्र्याखाली नेली. घर रिकामं आणि गारठलेलं, आणि बायका बाहेर पावसाच्या झडीत ओल्या बाभळीशी झटतायत, असा तो पावसाळा गेल्याचं बाबा सांगतात.

आता तिच्याकडे सिलिंडर आहे. अंघोळीचं पाणी मात्र अजून पत्र्याखालीच तापतं, बाभळीवर.

मी शेवटी डीह्युमिडिफायर घेतला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक्झॉस्ट फॅन बसवला. आजीला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे साणंच की."