जोगता

जोगता (कन्नडमध्ये जोगप्पा) : रेणुका-यल्लम्मा देवीला वाहिलेला, पुरुषदेहाने जन्मलेला परंतु लुगडेचोळी, बांगड्या व कपाळी भंडारा धारण करून वावरणारा उपासक. अशाच रीतीने वाहिलेल्या स्त्रीस जोगतीण म्हणतात. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीचा डोंगर हे या उपासनेचे प्रमुख पीठ असून उत्तर कर्नाटकात आणि त्याला लागून असलेल्या दक्षिण महाराष्ट्रात जोगते आढळतात.

स्वतःची ओळख सांगताना जोगता सहसा मन किंवा शरीर यांची भाषा बोलत नाही. आईने धरले, केसात जट आली, अंगात वारे आले, असे तो सांगतो, म्हणजे या वाक्यांचा कर्ता तो नसून देवी असते. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ (कन्नडमध्ये मुत्तु, म्हणजे मोती) बांधली की तो देवीचा होतो. लिंगच्छेद, ज्याला हिजडा समाजात निर्वाण म्हणतात, जोगत्यांच्या रूढीत आवश्यक मानलेला नाही. त्यामुळे जोगत्यांना सरसकट तृतीयपंथी म्हणावे का, याविषयी एकवाक्यता नाही. स्त्री-पुरुष या दुहेरी विभागणीबाहेरच्या व्यक्तींसाठी रूढ होत असलेला ‘नॉनबायनरी’ हा शब्द वरवर जुळतो खरा, परंतु त्यात देवीला जागा नाही, आणि देवीला वगळून जोगता समजत नाही.

उपासनेची साधने : परडी ही जोगवा, म्हणजे देवीच्या नावाने भिक्षा, मागण्याची वेताची टोपली होय. मंगळवार व शुक्रवार हे जोगव्याचे वार. जग म्हणजे देवीचा मुखवटा बसवून मोरपिसांनी सजवलेली घागर किंवा टोपली. ती डोक्यावर तोलून, हात न लावता नाचणे हे जोगत्याचे खरे कसब होय. चौंडके हे साथीचे मुख्य वाद्य असून त्याच्या पोकळ लाकडी नळकांड्याचे एक तोंड कातड्याने मढवलेले असते व त्यातून ओवलेली तार ताणून छेडली जाते. जोडीला तुणतुणे व झांजा असतात.

कायदा : सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या पारलिंगी हक्कविषयक निकालात जोगप्पांचा उल्लेख आहे.

साहित्य व कला : राजन गवस यांची ‘भंडारभोग’ ही कादंबरी जोगत्याच्या जीवनावर आहे, 2009 चा ‘जोगवा’ हा चित्रपट अंशतः त्यांच्या लेखनावर आधारित आहे. जोगती नृत्याच्या कलावंत मंजम्मा जोगती 2019 मध्ये कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या व 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.