जीपमधली रिकामी सीट

"ड्रायव्हर कुठाय रे?"

चार महिने खपून तयार केलेलं काम मी मोठ्या अभिमानाने टेबलावर मांडलं होतं. चहाचा कप हातात धरून शेजारचे काका दोन मिनिटं नुसते बघत राहिले आणि मग हा एवढाच प्रश्न विचारला. वाहवा नाही, काही नाही!

नातेवाईक मंडळींना माझा हा नाद माहीत आहेच. (काकूच्या भाषेत, "अजून खेळण्यांशी खेळतोय.") इतरांसाठी थोडक्यात सांगतो. प्लास्टिकची छोटी किटं जोडून, रंगवून त्यातून एखादा खराखुरा प्रसंग उभा करायचा. जमीन, झाडं, चिखल, माणसं सगळं एकाच मापात. याला डायोरामा म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. फोटोग्राफीच्या इतिहासात ज्याचं नाव येतं त्या दागेरने १८२२ साली पॅरिसमध्ये प्रचंड चित्रपडद्यांवर प्रकाशाचे खेळ दाखवायला सुरुवात केली, त्या खेळाचं हे नाव. पुढे ते असल्या छोट्या देखाव्यांना चिकटलं.

पण खरं सांगू का, आपल्याकडे हा प्रकार परका नाहीच. दिवाळीतला किल्ला म्हणजे दुसरं काय? कांदिवलीत आमच्या लहानपणी सहामाही परीक्षा संपली की विटा, दगड, गोणपाट गोळा व्हायचं. चिखलात बुडवलेलं गोणपाट विटांवर पसरलं की झाला डोंगर. त्यावर हळीव किंवा मोहरी पेरायची, दिवाळीपर्यंत हिरवं रान तयार. सिंहासनावर महाराज, बुरुजावर मावळे. माप मात्र कुठेच नाही! महाराज बुरुजाएवढे, मावळा दरवाज्याच्या दुप्पट आणि गुहेतला वाघ हत्तीएवढा. एका वर्षी मावळे कमी पडले म्हणून माझे हिरवे प्लास्टिकचे बंदूकवाले शिपाई तटावर उभे केले होते. कोणालाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

बंदूकवाल्या शिपायांचं आकर्षण बहुधा आमच्या भागातूनच आलं असावं. कांदिवली पूर्वेला लष्कराचा मोठा डेपो आहे. त्या लांबलचक भिंतीच्या बाजूने जाताना हिरवे ट्रक दिसायचे. आकुर्ली रोडवर महिंद्रांचा कारखाना. तिथे ट्रॅक्टर बनतात, पण आम्हा पोरांना महिंद्रा म्हटलं की जीपच आठवायची. याच कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली होती, हे मला फार नंतर कळलं.

तर माझ्या डायोरामात जीप हवी हे ठरलेलंच होतं. आणि हिंदुस्थानच्या लष्करी इतिहासात सगळ्यात प्रसिद्ध जीप कोणती? अब्दुल हमीद यांची!

प्रसंग सप्टेंबर १९६५चा. पंजाबात खेमकरणच्या बाजूने पाकिस्तानचं चिलखती दळ आत घुसलं होतं, त्या वेळचे नवे कोरे अमेरिकन पॅटन रणगाडे घेऊन. खेमकरण गेलं. आपली ४ माउंटन डिव्हिजन थोडी मागे आली आणि असल उत्तर या गावाभोवती घोड्याच्या नालासारखी बसली. पाणी सोडून शेतं भिजवली गेली. उसाची उंच शेतं होतीच. ८ ते १० सप्टेंबर असे तीन दिवस पॅटन त्या नालात शिरत राहिले, चिखलात रुतत राहिले आणि तिन्ही बाजूंनी मार खात राहिले. नव्वदहून जास्त रणगाडे शत्रूने तिथे गमावले असं सांगतात. गावाचं नावही असं की जणू कोणी मुद्दाम ठेवलं असावं!

हमीद ४ ग्रेनेडियर्सचे, उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे. हुद्दा कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार. त्यांच्या जीपवर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ होती. १० सप्टेंबरला चीमा गावाजवळ ते पडले. परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं. त्यांनी रणगाडे नक्की किती उडवले, यात चारपासून आठपर्यंत वेगवेगळे आकडे वाचायला मिळतात.

आपल्या माणसांना आवडेल अशी एक गोष्ट इथेच सांगतो. त्याच लढाईत डेक्कन हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट लढत होती, तीही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या शर्मन रणगाड्यांवर. तिचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, आपले अलिबागचे! त्यांना तिथे महावीर चक्र मिळालं, १९७१ला दुसऱ्यांदा मिळालं, आणि पुढे ते लष्करप्रमुख झाले. निवृत्तीनंतर पुण्यात १० ऑगस्ट १९८६ रोजी त्यांची हत्या झाली, तो दिवस माझ्या पिढीला आठवत असेल. आणि १९६५ला संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. इतकी नावं आपल्या ओळखीची, पण असल उत्तर कुठे आहे विचारलं तर दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. मलाही येत नव्हतं.

असो. कामाकडे वळू.

माप घेतलं एकास पस्तीस. हे विचित्र माप आलं कुठून, त्याची गंमत आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं किट काढलं. पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा रणगाडा केला, तो भरला साधारण एकास पस्तीस. पुढे सगळ्या जगाने तेच माप धरलं. बॅटरीच्या आकाराने ठरलेलं माप! या मापात पाच फूट सात इंचाचा माणूस पाच सेंटिमीटरहून किंचित कमी भरतो. जीप साडेनऊ सेंटिमीटर. आणि तोफ? तीही जवळपास तेवढीच! खरी तोफ सुमारे ३.४ मीटर लांब, म्हणजे जीपएवढीच. हे पुस्तकात वाचून कळलं नव्हतं; दोन तुकडे शेजारी ठेवल्यावर डोळ्यांना कळलं.

पॅटन बघायला मी बोरिवलीहून एसटीने अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) गेलो. तिथे १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. पॅटन आहे, शर्मन आहे, सेंच्युरियन आहे. फोटोत गोंडस दिसणारा पॅटन समोर उभा राहिला की पोटात गोळा येतो. तीन मीटरहून उंच, रुंदी साडेतीन मीटरच्या वर. त्याच्यासमोर जीप म्हणजे पत्र्याचा डबा. घरी येऊन मी तो पॅटन तीन महिने रंगवला. गंज, चिखल, घासलेले कोपरे, सगळं. उसासाठी खराट्याच्या काड्या आणि कागदाची पाती. भिजलेल्या जमिनीसाठी पीओपी, वर पारदर्शक रेझिनचा पातळ थर. १९६५चा भारतीय शिपाई कुठल्या तयार किटात मला मिळाला नाही, म्हणून अमेरिकन शिपाई घेतले, त्यांची हेल्मेटं कापून थाळीसारखी चपटी केली आणि कपडे ऑलिव्ह हिरवे रंगवले.

साठ बाय पंचेचाळीस सेंटिमीटरचा पाट. डावीकडे पॅटन, उजवीकडे उसाच्या कडेला जीप, तोफेशी हमीद एकटे. जीपच्या मागे दबा धरून बसलेले दोन शिपाई. मला वाटलं, झालं!

आणि मग काका आले. काका पायदळात होते, तेही आरसीएल तोफेवर. आता पंच्याहत्तरी ओलांडली आहे.

"ड्रायव्हर कुठाय रे?"

"काका, जागा जरा कमी होती. आणि मुख्य माणूस हमीदच ना?"

"त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात काय लिहिलंय ते वाचलंस?"

वाचलं होतं. त्यात म्हटलंय की पहिला रणगाडा उडवल्यावर त्यांनी झटकन जागा बदलली आणि दुसरा उडवला.

"मग जागा कोणी बदलली? तोफेवरचा माणूस जीप चालवतो का? आणि गोळा कोण भरत होतं?"

मी गप्प. ते वाक्य मी दहा वेळा वाचलं होतं. त्या "झटकन" या शब्दात एक अख्खा माणूस स्टिअरिंग धरून बसलाय, हे मला एकदाही दिसलं नव्हतं.

काका पुढे म्हणाले, "ही तोफ उडाली की मागून ज्वाळा आणि धुरळा निघतो. आपली जागा कळते, म्हणून लगेच हलायचं. ड्रायव्हरचं डोकं थंड नसेल तर सगळी डिटॅचमेंट खलास. आणि हे दोघं मागे कशाला बसवलेस? मेले ना ते! मागे तीस मीटर कोणी थांबत नाही."

मी हिशेब केला. तीस मीटर म्हणजे माझ्या मापात पंच्याऐंशी सेंटिमीटर, पाटाच्या लांबीपेक्षा जास्त. माझे शिपाई होते तोफेच्या मागे बारा सेंटिमीटरवर, म्हणजे चार मीटर. मग दुसरा हिशेब आपोआप झाला. जीप आणि पॅटनमध्ये मी ठेवलं होतं तीस सेंटिमीटर, म्हणजे साडेदहा मीटर. कोण रणगाड्याच्या इतक्या जवळ जीप नेऊन उभी करेल! दोनशे मीटर धरले तरी पॅटन साडेपाच मीटरहून जास्त लांब ठेवायला हवा. आमच्या हॉलमधून तो जिन्यात गेला असता!

जाताना काका म्हणाले, "आम्हीपण करायचो हे. हल्ल्याच्या आधी जमिनीवर मातीचं सँड मॉडेल करायचं. ही टेकडी, हा नाला, इथे तू, तिथे तो. त्यात प्रत्येकाला आपली जागा दिसायला पाहिजे. एक जरी सुटला तरी उद्या तो मरणार."

त्या रात्री मला विल्यम सिबॉर्नची आठवण झाली. हा ब्रिटिश लेफ्टनंट. १८३०मध्ये त्याला वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करायचं काम मिळालं. हा पठ्ठ्या रणांगणावरच्या शेतघरात आठ महिने राहिला, जमीन मोजली, हयात अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून विचारलं की १८ जून १८१५ला संध्याकाळी सातच्या सुमारास तुम्ही नेमके कुठे होता? सरकारने मधेच पैसे थांबवले, तरी त्याने पदरचे घालून काम पुरं केलं. १८३८ साली हजारो चिमुकल्या शिपायांसह ते लंडनला मांडलं गेलं. पण उत्तरांवरून त्याने जे मांडलं त्यात प्रशियाची फौज भरपूर दिसत होती आणि विजयाचं श्रेय वाटलं जात होतं. वेलिंग्टनच्या गोटाला ते रुचलं नाही. शेवटी सिबॉर्नने हजारो प्रशियन शिपाई उचलून काढून टाकले. प्रतिकृती आजही लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

सिबॉर्नवर दबाव तरी होता. माझ्यावर कोणाचा होता? कोणाचाच नाही. मी ड्रायव्हरला काढला तो निव्वळ आळसाने. एकटा वीर जास्त शोभून दिसतो म्हणून. इतिहासातून माणसं नेहमी कोणी कारस्थान करूनच घालवतो असं नाही. बऱ्याचदा ती चित्रात मावत नाहीत एवढंच कारण असतं. आणि एकट्याने लढलेला दाखवल्यामुळे हमीद मोठे होतात असंही नाही. उलट ज्यांच्या भरवशावर ते पुन्हा पुन्हा नेम धरत होते ती माणसं शेजारी दिसली, की त्या जीपमध्ये काय चाललं असेल ते खरं वाटायला लागतं.

मग ठरवलं. पाटाची लांबी साठ सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षात एकवीस मीटर. एकवीस मीटरात त्या सकाळी जे मावत होतं तेवढंच दाखवायचं. पॅटन काढला. तीन महिने रंगवलेला पॅटन! हात जड झाला, खोटं कशाला बोलू. मागचे दोघे शिपाई काढले. स्टिअरिंगवर ड्रायव्हर बसवला, मान वळवून तोफेकडे बघणारा, एक हात गिअरवर. गोळा उचलून धरलेला लोडर केला. तोफेमागचं सगळं रान मोकळं, ऊस वाऱ्याने झोपल्यासारखा आडवा. आणि चिखलात चाकांच्या दोन जोड्या खुणा, एक येतानाची आणि एक पुढच्या जागेकडे वळणारी. शत्रू पाटाबाहेर. वैद्यांचे शर्मनही पाटाबाहेरच, पण हमीद ज्या दिशेला बघतायत तिथे काय आहे ते आता आपोआप कळतं.

परवा काका परत आले. चष्मा लावून बराच वेळ वाकून बघितलं. मग ड्रायव्हरकडे बोट दाखवून म्हणाले, "याचं इंजिन चालू असणार हां."

पॅटन सध्या टीव्हीवर उभा आहे. दिवाळीत सोसायटीच्या किल्ल्यावर ठेवायला खालच्या पोरांनी मागितलाय. महाराजांच्या शेजारी तो कसा दिसेल देव जाणे, पण देणार आहे. त्या किल्ल्यात सगळे मावतात.