कोश, संघात आणि गाजलेले गीत

एखादा रॅप-अल्बम अभिजात ठरतो तो त्यातील गाजलेल्या सुट्या गीतांमुळे काय, हा वाद रॅपच्या रसिकांत पुष्कळ वर्षे चालू आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने तो परका मानण्याचे कारण नाही. रॅप ही प्रथमतः शब्दांची कला आहे. ताल हा तिचा पाया खरा. परंतु यमक, अनुप्रास, श्लेष आणि निवेदन हीच तिची प्रमुख साधने होत. २०१८ साली केंड्रिक लमार याच्या ‘डॅम’ या अल्बमला पुलित्झर संगीत-पारितोषिक मिळाले, तेव्हा पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि जॅझ यांच्या बाहेरील कृतीला तो मान प्रथमच लाभला. शिवाय हाच प्रश्न निराळ्या शब्दांत आपण आपल्या कवितेविषयी विचारत आलो आहोत. कवी टिकतो तो त्याच्या सर्वतोमुखी झालेल्या कवितेमुळे, की त्याच्या संग्रहामुळे?

आपल्या साहित्यशास्त्रात या प्रश्नाची पूर्वतयारी आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या पहिल्या परिच्छेदात मुक्तक, कुलक, कोश आणि संघात या पद्यप्रकारांचा केवळ नामनिर्देश केला, आणि ती सर्गबंधाचीच अंगे असल्याचे सांगून त्यांचा विस्तार टाळला. उत्तरकालीन शास्त्रकारांनी त्यांचे अर्थ स्पष्ट केले. परस्परनिरपेक्ष पद्यांचा समूह तो कोश. एका विषयाच्या सूत्राने बांधलेला समूह तो संघात. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ हा कोशाचा उत्तम नमुना होय. कोटी गाथांतून हालाने सातशे वेचल्या, असे त्या ग्रंथातच म्हटले आहे. संख्येची अतिशयोक्ती सोडून दिली तरी त्यामागील तत्त्व ध्यानात येते: येथे प्रत्येक गाथा स्वतःच्या बळावर उभी राहावयाची असते. आनंदवर्धनाने तर अमरूच्या एकेका मुक्तकाला प्रबंधाची योग्यता दिली आहे. तेव्हा ‘एकसूत्रता नाही म्हणून अभिजातता नाही’ असे म्हणण्याची सोय आपल्या परंपरेने ठेवलेली नाही. अभिजात कोश संभवतो आणि अभिजात संघातही संभवतो. मात्र दोघांची परीक्षा एकाच कसोटीवर होऊ नये.

अल्बम ही वस्तूही इतिहासाने घडविलेली आहे. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचे गाणे मावत असे. अशा अनेक तबकड्या छायाचित्रांच्या वहीसारख्या बांधणीत घालून विकीत, म्हणून त्या संचाला अल्बम हे नाव पडले. १९४८ साली कोलंबिया कंपनीने दीर्घवादन तबकडी बाजारात आणली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत राहू लागले. तेव्हापासून गीतांचा क्रम हा रचनेचा भाग होऊ शकला.

रॅपचा जन्म या व्यवस्थेबाहेर झाला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्क याने वाजविलेल्या मेजवानीपासून त्याचा आरंभ मानतात. पहिली सहा वर्षे ही कला प्रायः मेळाव्यांत आणि हातोहाती फिरणाऱ्या टेपांवर जगली. १९७९ साली शुगरहिल गँगचे ‘रॅपर्स डिलाइट’ आले, १९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांचे ‘द मेसेज’ आले. ही दोन्ही सुटी गीतेच होती. २००२ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतनयोग्य ध्वनिमुद्रणांची पहिली यादी केली, तीत ‘द मेसेज’चा समावेश आहे. रॅपचे आरंभीचे अभिजात धन मुक्तकांचे आहे. अल्बम हे त्याचे प्रमुख परिमाण झाले ते १९८०नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात.

त्यानंतरचा दहा वर्षांचा इतिहास प्रस्तुत प्रश्नाला पुष्कळ पुरावा देतो. १९९० साली एम. सी. हॅमर याचा अल्बम आला. त्यातील ‘यू कान्ट टच धिस’ जगभर वाजले आणि अमेरिकेत त्या अल्बमच्या एक कोटी प्रती खपल्या. त्याच वर्षी व्हॅनिला आइसचे ‘आइस आइस बेबी’ हे बिलबोर्डच्या मुख्य यादीत अग्रस्थानी पोहोचलेले पहिले रॅपगीत ठरले. आज त्या दोन गीतांची आठवण निघते. अल्बम म्हणून त्या कृतींचा अभ्यास क्वचितच होतो. उलट १९९४ साली विशीतील नॅस याने ‘इलमॅटिक’ हा दहा भागांचा, जेमतेम चाळीस मिनिटांचा अल्बम दिला. त्यातील एकाही गीताला तसे यश लाभले नाही आणि आरंभीचा खपही अपेक्षेहून कमी राहिला. अल्बमच्या सुरुवातीला भुयारी आगगाडीचा आवाज येतो. पुढे क्वीन्सब्रिज या वसाहतीतील जिने, तुरुंगातील मित्राला लिहिलेली पत्रे, कोवळ्या वयातच आलेले मरणाचे भान हे सर्व एकमेकांत गुंतत जाते. एका गीताच्या शेवटी कवीच्या वडिलांनी, ओलू दारा यांनी, कॉर्नेट वाजविले आहे. काँग्रेस ग्रंथालयाच्या यादीत २०२१ साली या अल्बमची नोंद झाली.

एवढ्यावरून लोकप्रियता ही अभिजाततेची वैरीण आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर लॉरिन हिल हिचा १९९८ सालचा अल्बम त्याला आडवा येईल. त्यातील ‘डू वॉप’ हे गीत बिलबोर्डच्या यादीत पहिले आले; अल्बमला १९९९ साली वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले; आणि तो आजही अभिजात गणला जातो. कार्टर वुडसन यांच्या १९३३ सालच्या ग्रंथाची आठवण देणारे शीर्षक घेऊन, शाळेच्या वर्गात मुले प्रेमाविषयी बोलत आहेत अशा संवादांनी हा अल्बम विणलेला आहे. गाजलेले गीत त्या वर्गातील एका धड्यासारखे येते. ते वेगळे काढून ऐकले तरी उभे राहते. पण परत जागेवर ठेवले की अधिक बोलते. कसोटी सापडते ती येथे. गाजलेले गीत संग्रहात आहे किंवा नाही, यापेक्षा ते संग्रहात परत नेऊन बसविता येते काय, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

हीच कसोटी बंगळूरच्या एका घटनेला लावून पाहावी. १९७८ साली के. एस. निसार अहमद यांच्या कवितांची, म्हैसूर अनंतस्वामींनी स्वरबद्ध केलेली ‘नित्योत्सव’ ही ध्वनिफीत निघाली. कन्नड भावगीतांची ती पहिली कॅसेट मानली जाते. काळिंग रावांसारख्या गायकांनी भावगीत आधीच लोकांपर्यंत नेले होते. कॅसेटने ते स्वयंपाकघरात आणि बसगाडीत पोहोचविले. शीर्षकगीत तर कर्नाटकाच्या राज्योत्सवाचे जणू दुसरे राज्यगीत झाले. निसार अहमद भूविज्ञानाचे अध्यापक. कन्नड नव्यकाव्याच्या काळात घडलेले, उपरोधाची धार असलेले कवी. ‘कुरिगळु सार् कुरिगळु’ ही मेंढरांच्या कळपावरची त्यांची कविता राजकीय उपहासाचा उत्तम नमुना आहे. परंतु २०२० साली ते निवर्तले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांना निरोप दिला तो ‘नित्योत्सवाचे कवी’ म्हणूनच. एका गीताने त्यांना घरोघर नेले आणि त्याच गीताने त्यांच्या उरलेल्या कवितेपुढे पडदा धरला. हा दोष त्या गीताचा नव्हे. ते ऐकून संग्रह उघडण्याचे कष्ट आपण घेतले नाहीत, हा दोष आपला, वाचकांचा आणि समीक्षकांचा.

याच्या शेजारी ‘गीतरामायण’ ठेवले म्हणजे दुसरी बाजू दिसते. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून त्याचा आरंभ झाला. ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीते, सुधीर फडके यांचे स्वर, सीताकांत लाड यांची योजना. आठवड्याला एक गीत या रीतीने वर्षभर श्रोते कथेबरोबर चालले. येथे कोणतेही गीत आधी सुटे गाजले आणि मग संग्रहात शिरले असे घडले नाही. काही गीते इतरांहून अधिक लोकप्रिय झाली खरी, परंतु ती कथेतील आपापली जागा अंगावर वागवीतच लोकांच्या ओठी बसली. भरताला उद्देशून श्रीराम बोलतात ते गीत एकटे गाताना गाणाऱ्याला चित्रकूटाचा प्रसंग ठाऊक असतो. कानडीसह अनेक भाषांत मूळ चालींवर त्याचे अनुवाद झाले, तेही अवघ्या रचनेचे. संघाताने आपल्या लोकप्रिय अवयवांना सोडले नाही.

आजचे बंगळूर रॅपचे शहर झाले आहे. २०१२ साली येथल्या ब्रोधा व्ही याने ‘आत्मा रामा’ या गीतात रामाच्या भजनाला इंग्रजी रॅपची जोड दिली. कोणत्याही संग्रहाचा आधार नसताना ते गीत भारतीय रॅपच्या इतिहासात स्थिरावले. ते मुक्तक म्हणूनच वाचले पाहिजे. केरळात जन्मलेला, ह्यूस्टनमध्ये वाढलेला आणि बंगळूरमध्ये रॅपर म्हणून पुढे आलेला हनुमानकाइंड २०२४ साली ‘बिग डॉग्ज’मुळे जगाला माहीत झाला. मौत का कुआँच्या खेळातील मोटारसायकलींचे त्याचे दृश्यरूप कोट्यवधींनी पाहिले आणि गीत बिलबोर्डच्या शंभरांत गेले. २०२५ साली त्याचा ‘मॉन्सून सीझन’ हा संग्रह आला. आता त्याच्यापुढे निसार अहमदांचीच अडचण आहे: त्या एका गीताच्या प्रकाशात बाकीची गीते दिसतील की झाकोळतील? आजच्या श्रवणव्यवस्थेत श्रोता क्रमाने ऐकण्यास बांधलेला नाही. गीत यंत्र निवडते आणि पुढचे गीतही यंत्रच आणून देते. अशा वेळी क्रमाला अर्थ आहे हे सांगण्याचे काम समीक्षेकडे येते.

मराठीत या विवेचनाला जवळचे उदाहरण नामदेव ढसाळांच्या १९७२ सालच्या ‘गोलपिठा’चे आहे. क्वीन्सब्रिज हे जसे ‘इलमॅटिक’चे, तशी कामाठीपुऱ्याची वस्ती या संग्रहाची केवळ पार्श्वभूमी नाही, तिची बोली हीच त्याची रचना आहे. विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली ती वाचकाला त्या वस्तीत नेण्यासाठी. त्यातील एखादी कविता वेचून पाठ्यपुस्तकात घातली की शब्द उरतात आणि वस्ती निघून जाते.

तेव्हा गाजलेली गीते अल्बमला अभिजात करतात काय, याचे उत्तर असे द्यावे लागते: कोश असेल तर काही अंशी होय, कारण तेथे प्रत्येक अवयवाचे बळ हेच समूहाचे बळ असते, संघात असेल तर नाही, कारण तेथे बळ अवयवांच्या नात्यात असते आणि गाजलेले गीत हे त्या नात्याचे केवळ आमंत्रण असते. मात्र मौखिक परंपरेत या आमंत्रणाचे मोल थोडे नाही. वारकऱ्यांच्या मुखी काही अभंग अखंड राहिले म्हणून गाथेकडे वळणारी माणसे प्रत्येक पिढीत निघाली. प्रश्न आमंत्रणानंतरचा आहे. अभ्यासक्रम नेमणारे, निवडक संग्रह काढणारे आणि अनुवाद करणारे आपण सर्वजण बालकवींना ‘औदुंबर’पुरते आणि निसार अहमदांना ‘नित्योत्सव’पुरते ठेवून मोकळे होतो. जे आपण आपल्या कवींचे केले तेच उद्या या नव्या शब्दकलेचे करावयाचे नसेल, तर एक साधा नियम पुरे आहे: वेचा घेताना तो कोणत्या स्थानावरून उचलला, हे वाचकाला सांगावे, आणि अनुवाद करावयाचा झाल्यास, एकदा तरी, अवघ्या संग्रहाचा करावा.