ऑनलाइन लिलावातील चुकीची बोली : रद्द करण्याची विनंती आणि नियम

ऑनलाइन लिलावात आकडा भरताना दशांशचिन्ह एक घर सरकले, तरी ९.९५ डॉलरऐवजी ९९.५० डॉलरची बोली नोंदली जाते. चूक लक्षात येताच खरेदीदार विक्रेत्याकडे बोली रद्द करण्याची विनंती करतो. ती मान्य होईल की नाही, हे प्रामुख्याने विनंती लिलाव संपण्यापूर्वी आली की नंतर, यावर ठरते. चूक प्रामाणिक होती का, हा त्यानंतरचा प्रश्न असतो.

कायद्यातील तरतूद

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५ नुसार प्रस्तावाचा स्वीकार पूर्ण होईपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो. लिलावातील बोली हा असाच प्रस्ताव होय. माल विक्री अधिनियम, १९३० चे कलम ६४ हेच तत्त्व लिलावाला लागू करते. हातोडा पडून किंवा अन्य रूढ पद्धतीने विक्री पूर्ण झाल्याची घोषणा होईपर्यंत बोलीदार आपली बोली मागे घेऊ शकतो. घोषणेनंतर करार अस्तित्वात येतो. करार अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे केवळ एका पक्षाची वस्तुस्थितीविषयी चूक झाली, एवढ्याच कारणाने तो करार रद्द करता येत नाही.

या तत्त्वाचे सर्वपरिचित उदाहरण क्रिकेटमधील आहे. दुबईत १९ डिसेंबर २०२३ रोजी झालेल्या आयपीएल लिलावात पंजाब किंग्ज संघाने शशांक सिंग यांच्यावर २० लाख रुपयांची बोली लावली. त्यानंतर संघाच्या प्रतिनिधींनी ती मागे घेण्याची इच्छा दर्शवली. मात्र हातोडा पडला असल्याचे लिलावकर्त्या मल्लिका सागर यांनी सांगितले व खरेदी कायम राहिली. शशांक आपल्या यादीतच होते, असा खुलासा संघाने पुढे केला.

संकेतस्थळाचे नियम

ऑनलाइन लिलावात हातोड्याची जागा घड्याळ घेते. १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ईबे’ने बोली मागे घेण्यासाठी मोजकी कारणे मान्य केली आहेत : चुकीची रक्कम भरली जाणे, वस्तूच्या वर्णनात मोठा बदल होणे किंवा विक्रेत्याशी संपर्क न होणे. लिलाव संपण्यास १२ तासांहून अधिक अवधी असल्यास खरेदीदार स्वतः बोली मागे घेऊ शकतो. त्या वस्तूवरील त्याच्या आधीच्या बोलीही रद्द होतात. शेवटच्या १२ तासांत लावलेली बोली मात्र तासाभरातच मागे घ्यावी लागते आणि तेवढीच बोली रद्द होते. ही मुदत टळल्यास विक्रेत्याला विनंती करण्याचा मार्ग उरतो.

विक्रेत्याने काय करावे

लिलाव सुरू असताना विनंती आल्यास विक्रेता ती बोली रद्द करू शकतो. रद्द केलेली बोली पुन्हा पूर्ववत होत नाही. त्यामुळे विनंती संकेतस्थळाच्या संदेशसेवेतूनच लेखी घ्यावी, बोलीदाराचे नाव व रक्कम पडताळावी आणि विलंब न करता निर्णय घ्यावा. चढी बोली जितका काळ टिकते, तितके इतर इच्छुक दूर जातात.

लिलाव संपल्यावर विनंती आली, तर विक्रेता व्यवहार रद्द करण्यास बांधील नसतो. परंतु खरेदीदाराच्या विनंतीचे कारण नोंदवून तो परस्परसंमतीने रद्द करता येतो. त्यानंतर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला त्याच्याच सर्वोच्च बोलीच्या किमतीस वस्तू देऊ करण्याची सोय आहे. पैसे देण्यास तयार नसलेल्या खरेदीदाराला वस्तू घेण्यास भाग पाडण्यापेक्षा हा मार्ग बहुधा कमी खर्चाचा ठरतो.

मात्र प्रत्येक विनंतीमागे चूक असतेच असे नाही. मोठी बोली लावून इतरांना परावृत्त करायचे आणि ऐनवेळी ती मागे घेऊन साथीदाराला स्वस्तात वस्तू मिळवून द्यायची, हा जुना डाव आहे. प्रतिस्पर्ध्याची कमाल मर्यादा जाणून घेण्यासाठीही बोली लावून मागे घेतली जाते. म्हणून एकाच खरेदीदाराकडून वारंवार विनंत्या आल्यास संकेतस्थळाला कळवणे योग्य.

बँका व सरकारी ई-लिलाव

भारतीय वाचकांचा अधिक संबंध येतो तो बँकांनी ताब्यात घेतलेल्या घरांच्या व जमिनींच्या ई-लिलावाशी. येथे विक्री अधिकाऱ्याला खासगी विक्रेत्याप्रमाणे सवलत देण्याची मोकळीक नसते. सरफेसी कायद्याखालील २००२ च्या नियमांनुसार यशस्वी बोलीदाराला अनामत रकमेसह २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावी लागते. उर्वरित रकमेसाठी विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांची मुदत असते. ती लेखी संमतीने वाढवता येते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. रक्कम न भरल्यास आधी भरलेले पैसे जप्त होतात. अशी जप्ती सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०२४ च्या निकालात वैध ठरवली.

सरकारी निविदांबाबतही न्यायालयाची भूमिका कठोर आहे. पश्चिम बंगालमधील पथकर वसुलीच्या कंत्राटात एका बोलीदाराने १,०९५ दिवसांच्या एकूण रकमेऐवजी एका दिवसाचा आकडा भरला. तो दुरुस्त करण्याची कोलकाता उच्च न्यायालयाने दिलेली मुभा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये रद्द केली. आर्थिक बोली उघडल्यानंतर एकाला दुरुस्तीची संधी दिल्यास इतर बोलीदारांवर अन्याय होतो, हे त्यामागील सूत्र.

त्यामुळे अटींचे वाचन आणि आकड्याची फेरतपासणी बोली नोंदवण्यापूर्वीच व्हायला हवी. चूक झालीच, तर त्याच क्षणी लेखी कळवणे हिताचे. लिलाव संपेपर्यंत विनंतीला हक्काचे बळ असू शकते, त्यानंतर ती बहुतेक वेळा समोरच्याच्या मर्जीवर अवलंबून राहते.