इंजिनाचे झोके

गाडी न्यूट्रलमध्ये उभी आहे, ॲक्सिलरेटरवर पाय नाही, आणि तरी इंजिन आपोआप रेस होतं, मंदावतं, पुन्हा रेस होतं. विहिरीवरच्या डिझेल इंजिनानेही हा अनुभव तुम्हांला दिला असेल. असं झालं की आपण लगेच स्क्रू पिळायला जातो. मी मेकॅनिक नव्हे, इतिहास शिकवणारा माणूस. पण हे दुखणं फार जुनं आहे, म्हणून त्याची हकीकत सांगतो.

१७८८ साली लंडनच्या ॲल्बियन पिठाच्या गिरणीत मॅथ्यू बोल्टनने जात्यांसाठी केलेली एक युक्ती पाहिली आणि आपला भागीदार जेम्स वॅट याला कळवली. वॅटने ती वाफेच्या इंजिनाला लावली. दोन जड गोळे इंजिनाबरोबर फिरतात. वेग वाढला की ते बाहेर फेकले जाऊन वर चढतात व वाफेची झडप मिटू लागते. वेग उतरला की गोळे खाली, झडप उघडी. हाच गव्हर्नर.

पुढे यंत्रांची घडण सफाईदार झाली, आणि नवल पाहा, गव्हर्नर लावलेली इंजिनंच झोके घेऊ लागली! गोळे हलेपर्यंत वेग फार वाढलेला असतो. मग झडप गरजेपेक्षा जास्त मिटते आणि वेग फारच उतरतो. पूर्वी घर्षण हे झोके जिरवीत असे, असं जाणकार मानतात. १८४० मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी दुर्बीण फिरवणाऱ्या यंत्रातील असेच झोके नोंदवले. १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी गणित मांडून दाखवलं, की झोके विरणार की वाढत जाणार हे इंजिन आणि गव्हर्नर यांच्या जोडणीवर ठरतं.

आजच्या पेट्रोल गाडीत गोळ्यांची जागा संगणकाने घेतली आहे. चिरलेल्या रबरी नळीतून जास्तीची हवा शिरली की मिश्रण बिघडतं; संगणक सावरू पाहतो, आणि कधी त्या सावरण्यातच इंजिन झोके घेतं. तेव्हा आधी कान द्या. झोका तालात येत असेल तर हवेची गळती शोधा. ताल नसेल, मधूनच हिसका बसत असेल, तर इंजिन ‘मिसिंग’ करतंय. प्लग आणि इंधन तपासा. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत स्क्रू पिळला तर खोड झाकली जाते, पेट्रोल मात्र जास्त जळतं. विहिरीवरचं इंजिन झोके घेत असेल, तर गव्हर्नरचा दांडा कुठे अडकतोय का, ते इंजिन बंद करून हाताने हलवून पाहा.